आकाशाचे सोबती

मार्गशीर्षातील रात्र. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटी लागलेली असते. सुरूच्या बनातून वारा सळसळत येतो आणि खाडीपलीकडे रत्नदुर्गावरील दीपगृहाचा प्रकाश ठरावीक वेळाने चमकून जातो. अशा रात्री एखादा मुलगा ओल्या वाळूपासून जरा दूर, कोरड्या पुळणीवर उताणा पडून आकाश न्याहाळत असावा. त्याच्या हाती वर्तमानपत्रातून कापून घेतलेला आकाशाचा नकाशा आहे. पूर्वेकडे कृत्तिकांचा झुपका त्याने ओळखला. त्याच्या खाली तांबूस रोहिणी ओळखली. त्याही खाली, क्षितिजावरून नुकताच वर आलेला मृग ओळखला. पण रोहिणीच्या शेजारी आणखी एक तांबडा ठिपका त्याला दिसला. तो रोहिणीहूनही तेजस्वी होता आणि नकाशात त्याचा मागमूस नव्हता.

मुलाचे काळीज धडधडू लागले. त्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला. तारा जागचा हलला नाही आणि नकाशातही उगवला नाही. आपल्याला नवा तारा सापडला की काय? विचारावे तरी कोणाला? घरी विचारले तर "आधी परीक्षा होऊ दे, मग तारे मोजत बस," असे उत्तर मिळावयाचे. सवंगड्यांना सांगितले तर ते हसावयाचे. मुलगा मुकाट्याने घरी गेला आणि आपला तारा त्याने मनातच ठेवला.

आकाशाचा नाद लागलेल्या बहुतेक माणसांची सुरुवात अशी एकाकी होते. आकाश हे जगातील सर्वांत मोठे आणि फुकट उघडे असलेले पुस्तक आहे खरे. परंतु त्याच्या पानांवर नावे छापलेली नाहीत. ते वाचावयाचे तर वाचता येणारा कोणी तरी जवळ असावा लागतो, विश्वासाचा एखादा ग्रंथ हाती असावा लागतो, आणि चुकीचा प्रश्न विचारला तरी कोणी हसणार नाही अशी एखादी बैठक असावी लागते. या तिन्ही गोष्टी मोठ्या शहरातच मिळतात, लहान गावातल्या मुलाने त्यांची आशा करू नये, असा समज पुष्कळांचा असतो. तो समज किती पोकळ आहे हे याच कोकणच्या किनाऱ्याने दाखवून दिले आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ मुरूड हे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे १८५३ साली शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा जन्म झाला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, वेधशाळा नव्हती, मोठी दुर्बीण नव्हती. ते शाळामास्तर होते. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे, पुणे अशा गावी त्यांची नोकरी फिरत राहिली. दिवसभर मुलांना शिकवावे आणि उरलेल्या वेळात जुन्या ज्योतिषग्रंथांचा अभ्यास करावा, त्यांतील गणित स्वतः करून पाहावे, आणि आकाशात जे दिसते त्याच्याशी ते ताडावे, असा त्यांचा क्रम होता. या अभ्यासातून 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा त्यांचा मोठा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. पुढे भारत सरकारने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. भारतीय ज्योतिषाच्या इतिहासाचा विचार करताना विद्वान आजही त्या ग्रंथाकडे वळतात. पण दीक्षितांनी केवळ विद्वानांसाठी लिहिले नाही. साध्या वाचकाला तारे ओळखता यावेत म्हणून त्यांनी 'ज्योतिर्विलास' नावाचे पुस्तक लिहिले आणि त्याला 'रात्रीची दोन घटका मौज' असे गोड उपनाव दिले. शास्त्र म्हणजे मौज, असे सांगणारा हा मास्तर खरोखर रसिक असला पाहिजे!

तथापि दीक्षित एकटे नव्हते, ही गोष्ट विसरता कामा नये. विसाजी रघुनाथ लेले व जनार्दन बाळाजी मोडक हे त्यांचे या मार्गातील सोबती. पंचांगाचा ऋतूंशी मेळ राहावा, या आग्रहाने या मंडळींनी सायन पंचांग चालविले. त्यांच्यापाशी ना सभागृह होते, ना पैसा. एकाने गणित करावे, दुसऱ्याने ते तपासावे, तिसऱ्याने शंका काढावी, असे हे काम. आज ज्याला 'मंडळ' म्हणतात त्याचे बीज हेच होय. तीन माणसे, एक विषय आणि एकमेकांची चूक दाखविण्याची मोकळीक एवढ्यावर मंडळ उभे राहते.

मंडळाचे बळ काय असते याचा एक मोठा देखावा दीक्षितांच्या हयातीतच या भूमीवर घडला. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची गर्द छाया अरबी समुद्रावरून कोकणच्या किनाऱ्यावर चढली आणि महाराष्ट्र ओलांडून ईशान्येकडे निघून गेली. तिच्या वाटेवर विजयदुर्गाचा किल्ला होता. तो त्या वेळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाल्यापासून तो तिकडे गेला. या किल्ल्यात प्रसिद्ध इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी आपली उपकरणे मांडली. खग्रास स्थिती टिकणार होती अवघी दोन मिनिटे. तेवढ्यात एकटा मनुष्य काय काय पाहणार? म्हणून लॉकियर यांनी 'मेल्पोमीनी' या युद्धनौकेवरील अधिकारी व खलाशी मदतीस घेतले, त्यांच्या तुकड्या पाडल्या आणि कामे वाटून देऊन त्यांच्याकडून तालमी करवून घेतल्या. दोर ओढणारे हात त्या दिवशी सूर्याच्या प्रभामंडलाच्या नोंदीस लागले. किल्ल्यातील ज्या ओट्यांवर ही उपकरणे होती त्यांस गावकरी अद्याप 'साहेबाचे ओटे' म्हणतात.

त्याच ग्रहणासाठी आणखी एक मंडळी सातासमुद्रांपलीकडून आली होती. ब्रिटनमध्ये १८९० साली हौशी आकाशनिरीक्षकांची एक संघटना स्थापन झाली होती. स्त्रियांनाही तिचे दार पहिल्यापासून उघडे होते. तिच्या सभासदांची एक तुकडी वऱ्हाडात, पुलगाव आणि धामणगाव यांच्या मधल्या तळणी येथे उतरली. तीत ॲनी माँडर या बाई होत्या. त्यांनी स्वतः तयार करविलेल्या लहानशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा एक लांबच लांब झोत टिपला. इतक्या दूरवर पसरलेला झोत तोवर कोणाच्याही छायाचित्रात आला नव्हता. मोठ्या वेधशाळांच्या मोठ्या दुर्बिणींना जे साधले नाही ते अवघ्या दीड इंची भिंगाने साधले. हौशी माणसाचे साधन लहान असले तरी त्याची दृष्टी लहान असावी लागत नाही, असा याचा अर्थ.

विजयदुर्गाच्या या गोष्टीला एक शेपूटही जोडले गेले आहे आणि ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे आहे. हेलियम या मूलद्रव्याचा शोध लॉकियर यांनी विजयदुर्गाच्या किल्ल्यातच लावला, असे अनेकदा सांगितले जाते. आपल्या गावाचा मान वाढावा असे कोणाला वाटत नाही? परंतु सन-तारखा ताडून पाहिल्या म्हणजे निराळेच दिसते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी जे खग्रास ग्रहण झाले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी आंध्रातील गुंटूर येथून पाहिले. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी तेथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशाचे पृथक्करण केले. त्यांत आढळलेली पिवळी रेषा कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तीवरूनच हेलियमची कल्पना पुढे आली. हिंदुस्थानात लॉकियर प्रथम आले ते १८७१ साली, आणि विजयदुर्गास आले ते १८९८ साली. पृथ्वीवर हेलियम सापडले त्यालाही तेव्हा तीन वर्षे होऊन गेली होती. म्हणून विजयदुर्गाचे महत्त्व कमी होते काय? मुळीच नाही. खलाशांना निरीक्षक बनविणारी ती दोन मिनिटे त्या किल्ल्याच्या खऱ्या मालकीची आहेत. त्यास दुसऱ्याच्या दागिन्याची गरज नाही. ऐकलेली गोष्ट तारीख लावून तपासावी, आवडती गोष्ट तर अधिकच तपासावी, ही शिस्त मंडळात बसल्याने लागते.

अशी मंडळे महाराष्ट्रात आज अनेक आहेत. त्यांतील वडीलधारी संस्था पुण्याची. २२ ऑगस्ट १९४४ रोजी तेथे 'ज्योतिर्विद्या परिसंस्था' स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची भारतातील ही सर्वांत जुनी संस्था होय. टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात तिचे ठिकाण आहे, आणि या योगायोगाचे रत्नागिरीकरांस विशेष वाटावे. कारण लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा आणि वेदांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी १८९३ साली जो ग्रंथ लिहिला त्याचे नावच 'ओरायन', म्हणजे मृग. मुंबईत १९८५-८६ साली हॅलेचा धूमकेतू पाहण्याच्या निमित्ताने जमलेल्या तरुणांतून 'खगोल मंडळ' उभे राहिले. धूमकेतू आपल्या वाटेने निघून गेला. मंडळ मात्र राहिले.

बदलापूर व नेरळ यांच्या मधल्या वांगणीस या मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन होत आले आहे. अशा रात्री प्रथमच गेलेल्या मुलास थोडी निराशा वाटण्याचा संभव असतो. त्याला वाटत असते की गेल्याबरोबर दुर्बिणीस डोळा लावावयास मिळेल. पण तेथे आधी सतरंज्या अंथरल्या जातात आणि दिवे मालविले जातात. अंधाराला डोळे सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. म्हणून विजेरीवरही लाल कागद लावलेला असतो. मग जाणता कार्यकर्ता एकेक तारा दाखवू लागतो. सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेषा वाढविली की ध्रुव सापडतो. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशाचे सुमारे दहा अंश झाकते. रत्नागिरीहून ध्रुव क्षितिजावर सुमारे सतरा अंश, म्हणजे पावणेदोन मुठी वर दिसतो. गावाचा अक्षांशही तेवढाच! दक्षिणेकडे अगस्त्य दाखविला जातो. इंग्लंडच्या आकाशात तो कधीच उगवत नाही. देवयानीतील अंधूक धुरकट ठिपका दाखविला जातो. तेथून निघालेला प्रकाश सुमारे पंचवीस लाख वर्षे वाट चालून डोळ्यांत शिरलेला असतो. दुर्बिणीची पाळी या सर्वांनंतर येते. तोवर तिच्यात काय पाहावयाचे हे मुलाला कळलेले असते.

या क्रमात मोठे शहाणपण आहे. पुष्कळ पालक हौसेने मुलास आधी दुर्बीण घेऊन देतात. दोन रात्री चंद्र पाहून होतो, तिसऱ्या रात्री काही सापडत नाही आणि दुर्बीण माळ्यावर जाते. याउलट आधी नुसते डोळे, मग नकाशा, मग दोन डोळ्यांची साधी दुर्बीण आणि सर्वांत शेवटी मोठी दुर्बीण अशा पायऱ्यांनी जो चढतो त्याचे पाऊल घसरत नाही. साध्या द्विनेत्री दुर्बिणीतूनही चंद्रावरची विवरे आणि गुरूचे चार मोठे चंद्र दिसतात. एक पथ्य मात्र कधीही मोडू नये. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी किंवा दुर्बिणीतून कदापि पाहू नये. क्षणात दृष्टी जाते.

मोठी माणसेही लहानांच्या प्रश्नांना किती मान देतात, याचे उदाहरण जयंत नारळीकर यांचे आहे. जगभर कीर्ती पावलेले हे शास्त्रज्ञ पुण्याच्या 'आयुका' या संस्थेचे संस्थापक संचालक होते. १९८८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत शाळकरी मुलांसाठी शनिवारची व्याख्याने होऊ लागली. व्याख्यान संपले की मुले स्वाक्षरीसाठी गर्दी करीत. नारळीकर म्हणत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठवा. उत्तराखाली सही मिळेल. नुसत्या सहीच्या हौसेतून अशा रीतीने शेकडो मुलांना प्रश्न विचारण्याची गोडी लागली. २०२५ साली ते निवर्तले. परंतु त्यांनी लावलेली सवय अनेकांच्या घरी पोस्टकार्डांच्या रूपाने जपलेली असेल.

आता तर पोस्टकार्डाची वाट पाहण्याचेही कारण उरलेले नाही. संगणकावर अथवा भ्रमणध्वनीवर 'स्टेलेरियम'सारखे आकाशदर्शक विनामूल्य मिळते. त्यात आपले गाव, दिवस आणि वेळ भरली की त्या क्षणीचे आकाश पडद्यावर उमटते. ग्रह कोठे आहेत तेही कळते. नासा ही अमेरिकेतील संस्था १९९५ पासून दररोज आकाशाचे एक नवे चित्र माहितीसह सर्वांसाठी खुले करते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी पूर्वी जे पाहावयास वर्षातून एखादा प्रवास करावा लागे ते असे घरबसल्या पाहता येते. शिवाय शहरात आता तारांगणही झाले आहे, आणि १८२८ साली स्थापन झालेले जुने नगर वाचनालय तर आहेच. ज्येष्ठ ते भाद्रपद कोकणचे आकाश ढगांनी झाकलेले असते. ते महिने वाचनासाठीच राखून ठेवलेले आहेत, असे आकाशप्रेमी मनुष्याने समजावे.

परंतु जेथून पाणी येते तेथून गाळही येतो. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या अतिशय जवळ, सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरांवर आला होता. जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ आला नव्हता. ही बातमी खरीच होती. पण तिच्यातून 'मंगळ चंद्राएवढा दिसणार' अशी वावडी उठली आणि पुढे कित्येक वर्षे दर ऑगस्टात ती नव्याने फिरत राहिली. वास्तविक त्या रात्रीही मंगळाचे बिंब चंद्राच्या बिंबाच्या सत्तराव्या हिश्शाएवढेच होते. अशा वेळी विजयदुर्गाची शिस्त उपयोगी पडते. बातमी कोणी दिली, कोणत्या दिवशीची, आणि दुसऱ्या विश्वासू ठिकाणी ती आढळते काय, एवढे तीन प्रश्न विचारले की गाळ तळाशी बसतो.

मंडळात शिकावयाचे ते केवळ घेण्यासाठी नव्हे, देण्यासाठीही. त्या वेळच्या बंगालात, जेसोर या गावी, राधागोविंद चंद्र नावाचे सरकारी खजिन्यातील एक सामान्य कारकून होते. प्रवेश परीक्षेतही त्यांस यश लाभले नव्हते. पण ज्या ताऱ्यांचे तेज कमीजास्त होते अशा ताऱ्यांच्या नोंदी ते रात्रीमागून रात्री करीत आणि त्या टपालाने अमेरिकेतील निरीक्षकांच्या संघटनेकडे पाठवीत. अशा नोंदी हजारोंनी जमल्या. त्या इतक्या काटेकोर होत्या की त्या संघटनेने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठविली. जेसोरच्या कारकुनाला जे पत्रांतून साधले ते आज कोणत्याही गावच्या मुलाला साधण्यास अधिक सोपे आहे. मोठ्या वेधशाळा थोड्या आहेत आणि तारे अगणित. पहारेकऱ्यांची उणीव नेहमीचीच आहे.

आता भाट्याच्या पुळणीवरील त्या मुलाकडे वळावे. काही दिवस त्याने आपला तारा मनात ठेवला. शेवटी न राहवून वर्गातील दोघांना दाखविला. ते हसले नाहीत. त्यांच्यापैकी एक म्हणाला, "आपण रोज त्याचे चित्र काढू या." तिघांनी एक वही केली. रोज रात्री ठरलेल्या वेळी कृत्तिका, रोहिणी आणि तो तांबडा ठिपका यांची आकृती काढावयाची, आणि एकाने काढलेली दुसऱ्याने तपासावयाची, असा नेम ठरला. पंधरा रात्रींनंतर त्यांनी आकृत्या शेजारी शेजारी मांडल्या. कृत्तिका जागच्या जागी होत्या, रोहिणीही होती. पण तांबडा ठिपका हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या रुंदीइतका पश्चिमेस सरकला होता. तारा असा चालत नाही. चालतो तो ग्रह. वही घेऊन ते विज्ञानाच्या गुरुजींकडे गेले. गुरुजींनी आकृत्या एकदा पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि म्हणाले, "हा मंगळ. सध्या वक्री आहे. ग्रह फिरते असतात, म्हणून कायमच्या नकाशात त्यांना जागा नसते."

मुलाला नवा तारा सापडला नाही. ज्या ग्रहाला माणसे हजारो वर्षे ओळखत आली तोच त्याला पुन्हा भेटला. तरीही त्या दिवशी तो घरी गेला तेव्हा त्याच्या मनाला रुखरुख नव्हती. पहिल्या रात्री त्याच्यापाशी एक तारा होता आणि सांगावयास कोणी नव्हते. आता त्याच्यापाशी दोन सोबती होते, पंधरा आकृत्यांची एक वही होती, आणि उद्या रात्री तिच्यात सोळावी काढावयाची होती.